नर्स प्रॅक्टिशनरशी लैंगिक आरोग्याविषयी बोलावे का, आणि त्यांचा अधिकार नेमका किती?

प्रश्न : पानगळ

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा खासगी आहे, म्हणून टोपणनावाने विचारत आहे.

माझे वय ४६ आहे. सहा वर्षांपासून मला मधुमेह आहे आणि दर तीन महिन्यांनी मी नेमाने तपासणीला जातो. पूर्वी ही तपासणी डॉक्टर करत असत. गेल्या वर्षभरापासून ती एक नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे डॉक्टरांप्रमाणे रुग्ण तपासणाऱ्या परिचारिका, करतात. त्यांना सिस्टर म्हणावे की आणखी काही, हेही मला अजून उमगलेले नाही. त्यांच्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. उलट नायलॉनचा बारीक तंतू तळपायाला ठिकठिकाणी टेकवून मला कुठे जाणवते आणि कुठे नाही हे पाहण्याची तपासणी इतक्या वर्षांत प्रथम त्यांनीच केली.

मागच्या खेपेला पाय तपासून झाले, रक्तदाब मोजून झाला, साखरेचे आकडे पाहून झाले, आणि मी बूट घालत असताना त्यांनी त्याच सुरात विचारले, "ताठरतेच्या बाबतीत काही बदल जाणवतो का? मधुमेह असलेल्या पुष्कळ पुरुषांना जाणवतो, म्हणून मी सर्वांनाच विचारते." मी बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता, "नाही, सगळे ठीक आहे" असे उत्तर दिले. ते खोटे होते. गेले आठ महिने ठीक नाही. घरी येईपर्यंत मला स्वतःचा राग येत होता आणि थोडा त्यांचाही, कारण डॉक्टरांनी सहा वर्षांत जे कधी विचारले नाही ते परिचारिकेने का विचारावे, असे मनात आले.

आता माझ्या पत्नीलाही गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी त्यांच्याचकडे बोलावले आहे आणि ती जावे की न जावे अशा विचारात आहे. नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण कितपत असते, निदान करण्याचा आणि औषध लिहून देण्याचा त्यांना अधिकार असतो का, आणि असे विषय त्यांच्यापाशी काढावेत की सरळ डॉक्टरांची वेळ मागावी, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर १ : कंदील

पानगळ, मी स्वतः नर्स प्रॅक्टिशनर आहे. आधी नऊ वर्षे वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, मग पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि गेली अकरा वर्षे प्राथमिक आरोग्यसेवेत आहे. संबोधनाचा प्रश्न आधी सोडवते : सिस्टर म्हटलेले आम्हाला चालते, डॉक्टर म्हटले तर आम्हालाच दुरुस्त करावे लागते.

हा हुद्दा तसा नवा नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लॉरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्यातील परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. दूरच्या आणि गरीब वस्त्यांतील मुलांना पाहायला डॉक्टर पुरेसे नव्हते आणि तिथे फिरणाऱ्या अनुभवी परिचारिका अर्धे निर्णय प्रत्यक्षात आधीपासूनच घेत होत्या. त्या निर्णयांना शारीरिक तपासणीचे, निदानाचे आणि उपचाराचे रीतसर शिक्षण जोडावे, एवढाच तो विचार होता. फोर्ड २०२५ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी वारल्या, म्हणजे आपण लावलेले रोप जगभर पसरलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

अधिकार मात्र सर्वत्र सारखा नाही, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. अमेरिकेत निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीविना रुग्ण तपासतात, निदान करतात आणि औषधे लिहितात. उरलेल्या राज्यांत डॉक्टरांशी लेखी करार किंवा त्यांची देखरेख लागते. ब्रिटनमध्ये वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी नोंद असलेल्या परिचारिकांना २००६ पासून जवळजवळ सर्व औषधे स्वतःच्या अधिकारात लिहिता येतात, पण गंमत अशी की हुद्द्याचे हे नाव तिथे कायद्याने राखलेले नाही. नेदरलँड्समध्ये ते राखलेले आहे. म्हणून नावाच्या पाटीवर विसंबण्यापेक्षा तीन गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात : आपली नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, औषधे लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे का, आणि अडचण आली तर आपण कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता. ज्यांचे शिक्षण पक्के आहे त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. मला तर बरे वाटते.

आता तुम्हाला विचारलेल्या त्या प्रश्नाविषयी. तो चौकशीखोरपणा नव्हता. ताठरता ही मुळात रक्तवाहिन्या आणि नसा यांची गोष्ट आहे, आणि मधुमेह नेमका त्या दोहोंवरच घाव घालतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे त्यांचे अस्तर बिघडू लागले की लक्षण तिथे आधी दिसते आणि छातीत दुखण्याची पाळी बहुधा काही वर्षांनी येते. म्हणजे ज्या कारणासाठी त्यांनी तुमचे तळपाय तपासले, त्याच कारणासाठी हा प्रश्न विचारला. तो पायाच्या तपासणीनंतर लगेच आला हा योगायोग नसावा.

तुम्ही "हो" म्हटले असते तर काय झाले असते, तेही सांगते, कारण पुष्कळांना याचीच धास्ती असते. बहुधा कपडे काढायला लावलेच नसते. लावले असते तरी आधी विचारून. त्यांनी विचारले असते की हे हळूहळू आले की एकाएकी, पहाटे झोपेत ताठरता येते का, इच्छा कमी झाली आहे की इच्छा असून शरीर साथ देत नाही. पहाटेची ताठरता नीट असेल तर शरीराची यंत्रणा पुष्कळशी शाबूत आहे आणि ताण, खिन्नता किंवा नात्यातला दुरावा यांकडे पाहावे लागते. मग औषधांची यादी : रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या आणि हृदयाचे ठोके मंदावणारे जुन्या पिढीतील बीटा ब्लॉकर, तसेच खिन्नतेवरची काही औषधे ही तक्रार निर्माण करतात किंवा वाढवतात. इच्छाच मंदावली असेल तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक, तेही सकाळच्या वेळी घेतलेल्या रक्तात आणि कमी निघाल्यास दुसऱ्यांदा मोजून. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, छातीत दुखते म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी किंवा कोणतेही नायट्रेट घेता का. सिल्डेनाफिल हे ताठरतेवरचे औषध आणि त्याची भावंडे नायट्रेटसोबत घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. दुकानातून किंवा इंटरनेटवरून गुपचूप गोळ्या मागवणाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून मी तो दोनदा विचारते.

पुढच्या भेटीची वाट पाहू नका. "मागच्या वेळी एक गोष्ट सांगायची राहिली" एवढे वाक्य पुरेसे आहे. हे वाक्य मी आठवड्यातून निदान एकदा तरी ऐकते आणि ते बहुतेक वेळा दाराच्या मुठीवर हात ठेवूनच उच्चारले जाते.

उत्तर २ : सोनचाफा

पानगळ यांच्या पत्नीसाठी लिहीत आहे. त्यांना हे वाचायला द्यावे.

माझी पहिली गर्भाशयमुखाची तपासणी अनेक वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात झाली. पडद्याआड तिघे जण होते, कोण कशासाठी होते ते मला कोणी सांगितले नाही, उपकरण थंडगार होते आणि मी आखडले तेव्हा "सैल सोडा, सैल सोडा" असे ओरडणे ऐकावे लागले. त्यानंतर सात वर्षे मी कुठेही गेले नाही. पाळीच्या तक्रारी अंगावर काढल्या, पण गेले नाही.

पुढे तांबी बदलायची वेळ आली तेव्हा नाइलाजाने एका नर्स प्रॅक्टिशनरकडे गेले. मी अजून पूर्ण कपड्यांत खुर्चीवर बसलेली असताना त्यांनी योनीमार्ग उघडून धरणारे उपकरण, म्हणजे स्पेक्युलम, माझ्या हातात दिले, त्याची पाती कशी उघडतात ते दाखवले आणि म्हणाल्या, "तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन, आणि थांबल्यावर का म्हणून विचारणार नाही." मला उपकरण स्वतः आत सरकवायचे असल्यास तेही चालेल असे त्यांनी सांगितले; ते मला जमले नाही, पण कोणीतरी विचारले याचेच नवल वाटले. कंबरेखाली उशी ठेवली, चादर गुडघ्यांपर्यंत माझ्या हातात दिली. मी एकदा थांबा म्हटले आणि त्या खरोखर थांबल्या. सारे मिळून काही मिनिटांचे काम होते. बोलणे मात्र अर्धा तास झाले, आणि त्यात संबंधांच्या वेळी होणारे दुखणेही निघाले, जे मी नवऱ्यालाही नीट सांगितले नव्हते.

एक उपयोगाची माहिती. अनेक ठिकाणी आता एचपीव्ही या विषाणूची तपासणी केली जाते आणि तिचा नमुना स्त्रीला स्वतःच योनीमार्गातून कापसाच्या काडीने घेता येतो. ती सोय आहे का, हे पत्नीने फोनवरच विचारून घ्यावे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी याच विषाणूमुळे होतो, आणि रोग होण्याआधीचे बदल सापडले तर ते सहज काढून टाकता येतात. विषाणू सापडला याचा अर्थ कर्करोग झाला असा होत नाही, आणि नवऱ्याने किंवा बायकोने कुठे तोंड मारले असाही होत नाही. हा संसर्ग वर्षानुवर्षे निमूटपणे राहू शकतो. माझ्या बहिणीच्या घरी रिपोर्ट आल्यावर या एका गैरसमजापायी दोन महिने अबोला होता.

उत्तर ३ : तराजू

वरील दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत, तरी दुसरी बाजू मांडल्यावाचून राहवत नाही.

माझ्या मेहुणीला ओटीपोटात एका बाजूला दुखत होते. ज्या केंद्रात ती गेली तिथे नर्स प्रॅक्टिशनरने लघवीचा संसर्ग ठरवून गोळ्या दिल्या. चार दिवसांनी दुखणे वाढले म्हणून ती पुन्हा गेली, तर गोळ्या बदलून दिल्या. पाळी नेहमीच अनियमित असल्याने ती चुकल्याचे तिला विशेष वाटले नव्हते आणि दोन्ही वेळा ते कोणी विचारलेही नाही. त्यानंतरच्या तिसऱ्या रात्री ती भोवळ येऊन पडली. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली होती. शस्त्रक्रिया वेळेवर झाली म्हणून ती आज आहे.

केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण माझा प्रश्न एका केंद्राचा नाही. डॉक्टर कमी पडतात, डॉक्टर महाग पडतात, म्हणून त्यांच्या जागी परिचारिका बसवायची आणि तिला भारदस्त नाव द्यायचे, असे तर हे चाललेले नाही ना? प्रेमाने बोलणे आणि वेळ देणे हे गुण मोलाचे आहेत, पण निदान चुकले तर त्यांचा काय उपयोग? आणि नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांइतक्याच चांगल्या असतात असे सांगणारे अभ्यास नेमके कोणत्या रुग्णांवर झाले, हेही कोणी सांगत नाही.

उत्तर ४ : वाटाड्या

मी प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टर आहे आणि दोन नर्स प्रॅक्टिशनरांसोबत काम करतो. तराजू यांच्या मेहुणीच्या बाबतीत जे घडले त्याचे समर्थन कोणत्याही पदवीखाली होऊ शकत नाही. मूल होण्याच्या वयातील स्त्रीच्या ओटीपोटात दुखत असेल तर पाळीची तारीख विचारायची आणि ती काहीही म्हणाली तरी गर्भधारणेची चाचणी करायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. तो नर्स प्रॅक्टिशनरच्या हातून सुटला तसा डॉक्टरांच्या हातून सुटलेलाही मी पाहिला आहे. दुसऱ्या भेटीत तीच तक्रार वाढलेली असताना वरिष्ठांना न बोलावणे ही मात्र त्या केंद्राच्या व्यवस्थेची चूक दिसते. आमच्याकडे नियम असा आहे की एकाच तक्रारीसाठी रुग्ण दुसऱ्यांदा आला आणि बरा होत नसेल, तर तो दुसऱ्याच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. मी पाहिलेला रुग्ण असेल तर नर्स प्रॅक्टिशनर पाहते, आणि यात मला कमीपणा वाटत नाही.

अभ्यासांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कॅनडातील ओंटारियो प्रांतात, बर्लिंग्टन येथे १९७१ साली एका दवाखान्यातील १,५९८ कुटुंबे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली गेली. काहींना डॉक्टर, काहींना नर्स प्रॅक्टिशनर. वर्षभराने पाहिले तेव्हा दोन्ही गटांतील लोकांची प्रकृती आणि मृत्यूचे प्रमाण यांत फरक आढळला नाही, आणि नर्स प्रॅक्टिशनरांनी ६७ टक्के भेटी डॉक्टरांना न विचारता निभावल्या होत्या. निष्कर्ष १९७४ मध्ये छापून आले. त्यातच असेही आढळले की दवाखान्याचे उत्पन्न घटले, कारण त्यांच्या कामाचे बिल लावण्याची सोयच नव्हती. सेवा तीच, पण ती देणारा हात बदलला की पैसे मिळत नाहीत, हे त्रांगडे पुष्कळ ठिकाणी अजून सुटलेले नाही. २००० साली न्यूयॉर्कमधील १,३१६ रुग्णांवर तसाच प्रयोग प्रसिद्ध झाला आणि सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांची प्रकृती सारखीच होती. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात अशा १८ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. त्यांत परिचारिकांकडील रुग्णांचे परिणाम बरोबरीचे किंवा किंचित सरस होते, समाधान अधिक होते आणि प्रत्येक भेटीला लागणारा वेळही अधिक होता.

तराजू यांचा आक्षेप इथे अंशतः खरा ठरतो. सहा महिने किंवा वर्षभर एवढ्या अवधीत दुर्मीळ रोगाचे चुकलेले निदान आकड्यांत दिसेलच असे नाही. हे अभ्यास नेहमीच्या तक्रारी आणि जुनाट आजारांची देखभाल यांबाबत भक्कम आहेत. गुंतागुंतीच्या, न उलगडलेल्या आजाराबाबत त्यांवरून फार पुढची विधाने करू नयेत. मीही करत नाही.

लैंगिक आरोग्याचे क्षेत्र मात्र असे आहे की तिथे त्यांचे काम मला निव्वळ पर्याय वाटत नाही, ते मूळचेच त्यांचे वाटते. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीच्या ८१२ रुग्णांचे औषधोपचार परिचारिका आणि डॉक्टर यांच्यात वाटून तुलना केली गेली. २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा परिचारिकांची देखभाल डॉक्टरांपेक्षा उणी ठरली नाही. त्याच वर्षी तिथे परिचारिकांना ही औषधे सुरू करण्याची मुभाही देण्यात आली, आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रशिक्षित परिचारिकांनी ती सुरू करावीत अशी शिफारस केली. डॉक्टरांचीच वाट पाहत बसले असते तर किती जण औषधाविना राहिले असते, याची कल्पना करवत नाही.

माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. तिशीतला एक तरुण अंगावर पुरळ घेऊन आला. खाज नव्हती. मी ॲलर्जी समजून गोळ्या दिल्या आणि सात मिनिटांत पुढच्या रुग्णाला बोलावले. दोन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा नियमाप्रमाणे आमच्या नर्स प्रॅक्टिशनरकडे गेला. तिने त्याचे तळहात उलटे करून पाहिले, मोजे काढायला लावून तळपाय पाहिले आणि दोन्हीकडे तांबूस, सपाट डाग आहेत असे मला बोलावून दाखवले. मग ती त्याच्यासमोर बसली आणि जोडीदार कोण, किती, पुरुष की स्त्रिया, संबंध कोणत्या प्रकारचे, कंडोम कधी वापरतो आणि कधी नाही, पूर्वी कधी असा संसर्ग झाला होता का, हे तिने ज्या आवाजात विचारले, त्याच आवाजात मी एरवी सर्दी किती दिवसांची आहे हे विचारतो. दोन महिन्यांपूर्वी एक न दुखणारा व्रण येऊन आपोआप बरा झाला होता. तो उपदंश होता, जुने लोक ज्याला गरमी म्हणत. बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे इंजेक्शन तिनेच दिले, एचआयव्हीसह बाकीच्या तपासण्या केल्या आणि त्याला बजावले की आज रात्री ताप, अंगदुखी, थंडी वाजणे असे होऊ शकेल, ते औषधाची ॲलर्जी म्हणून घाबरू नये, जंतू मरताना शरीर तशी प्रतिक्रिया देते. त्या रात्री त्याला ताप आलाच. आधी सांगून ठेवले नसते तर तो पुन्हा आला नसता, असे त्यानेच नंतर सांगितले.

पुरळाकडे मी पाहिले होते. माणसाला विचारले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ या वयोगटात दररोज दहा लाखांहून अधिक बऱ्या होणाऱ्या लैंगिक संसर्गांची नव्याने भर पडते आणि त्यांतील बहुतेकांना लक्षणेच नसतात. लक्षण नसलेला रोग विचारल्याखेरीज सापडत नाही.

मर्यादाही नोंदवतो, कारण त्या माहीत असणे हीच चांगल्या नर्स प्रॅक्टिशनरची खूण आहे. अंडकोषात अचानक तीव्र वेदना उठली तर तो पिळवटलेला असू शकतो आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते; तिथे औषधे देत बसायचे नसते. ताप आणि ओटीपोटातील वेदना असताना तपासणीत गर्भाशयमुख हलवताच रुग्णा कळवळली, संभोगानंतर वारंवार रक्तस्राव होत असेल, किंवा गरोदर स्त्रीला उपदंश निघाला, तर आमच्या दोघीही मला किंवा तज्ज्ञाला लगेच बोलावतात. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा येणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णेला, किंवा पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असलेली गर्भनिरोधक गोळी त्या देत नाहीत, कारण पक्षाघाताचा आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका वाढतो. हे मी त्यांना शिकवलेले नाही, उलट एकदा माझीच चिठ्ठी त्यांनी याच कारणासाठी परत आणली होती.

उत्तर ५ : तराजू

वाटाड्या, आपण उत्पन्नाचा मुद्दा स्वतःहून मांडलात आणि मर्यादाही लपवल्या नाहीत, त्यामुळे माझा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा असा की तुमच्यासारखी नियमांची शिस्त किती ठिकाणी असते. मेहुणीच्या केंद्रात ती असती तर मी हे लिहीत बसलो नसतो.

उत्तर ६ : पानगळ

सर्वांचे आभार. एक शंका उरली आहे. समजा माझ्या किंवा कोणाच्याही तपासणीत काही संसर्ग निघाला, तर ते घरी कळवतात का? आणि या सर्व गोष्टी कागदावर कायमच्या राहतात का?

उत्तर ७ : कंदील

घरी परस्पर कळवत नाहीत. आधी जोडीदाराला तुम्ही स्वतः सांगावे यासाठी आम्ही मदत करतो; काही जणांसोबत मी चक्क वाक्यांची तालीम करते, कारण "तुला तपासून घ्यायला हवे" आणि "तुझ्यामुळे मला झाले" यांत सगळा संसार अडकलेला असतो. स्वतः सांगणे जमत नसेल, किंवा सांगितल्याने मारहाणीची भीती असेल, तर अनेक ठिकाणी केंद्रातर्फे नाव न घेता निरोप पाठवण्याची सोय असते : आपण एका संसर्गाच्या संपर्कात आला असण्याची शक्यता आहे, तपासणी करून घ्यावी, एवढाच. काही रोगांची नोंद सरकारी आरोग्ययंत्रणेकडे करावी लागते आणि तिचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, म्हणून तुमच्या केंद्रात हा प्रश्न थेट विचारावा. जोडीदाराचा उपचार एकाच वेळी झाला नाही तर क्लॅमिडियासारखा संसर्ग घरातल्या घरात फिरत राहतो. सात दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने रुग्ण बरा होतो आणि आठव्या दिवसानंतर पुन्हा तोच घेऊन येतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

नोंद राहते. ती राहू नये असे वाटणे स्वाभाविक आहे, पण पुढे छातीत दुखले म्हणून कोणी तुम्हाला नायट्रेट देऊ लागले, तर तुम्ही सिल्डेनाफिल घेता हे त्याला दिसले पाहिजे. कोणाकोणाला ती नोंद पाहता येते हे विचारण्याचा मात्र तुम्हाला हक्क आहे.

शिवाय वेळेचेही एक गणित असते. धोक्याच्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होऊ नये. क्लॅमिडिया आणि परमा (गोनोरिया) यांसाठी साधारण दोन आठवडे, प्रयोगशाळेत केलेल्या एचआयव्हीच्या आजच्या चाचणीसाठी सुमारे ४५ दिवस आणि उपदंशासाठी १२ आठवड्यांपर्यंत थांबून खात्री करावी लागते. याउलट एचआयव्ही टाळण्याची २८ दिवसांची औषधे ७२ तासांच्या आत, तीही जितकी लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात. थांबायचे कधी आणि धावायचे कधी, हे लोक नेमके उलटे करतात.

उत्तर ८ : पानगळ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. मी फोन करून वेळ मागून घेतली आणि "मागच्या वेळी एक गोष्ट सांगायची राहिली" हे वाक्य कंदील यांनी सांगितले तसेच म्हटले. दाराच्या मुठीवर हात ठेवून नव्हे, बसून. त्या हसल्या नाहीत आणि सहानुभूतीही दाखवली नाही, "बरे झाले सांगितलेत, कधीपासून?" असे विचारून त्यांनी लिहायला घेतले.

रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक थायझाइड निघाली, ती डॉक्टरांशी बोलून बदलली आहे. नायट्रेटचा प्रश्न मलाही दोनदा विचारला गेला. जिना चढताना धाप लागते असे मी सहज बोलून गेलो, तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवले, त्याच दिवशी ईसीजी काढला आणि ताठरतेची कोणतीही गोळी देण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. ती भेट पुढच्या सोमवारी आहे.

पत्नीही जाऊन आली. सोनचाफा यांचे उत्तर तिने दोनदा वाचले होते आणि नमुना स्वतः घेता येतो का, हे फोनवरच विचारून घेतले होते. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ती चाळीस मिनिटांनी बाहेर आली. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.